काळदेठीची घळ

आमच्या बाबांनी जी घळ सुरुंग लावून उडवली, तीच परत हिरवी करायचं काम त्यांना मिळालं.

दगडखाण बंद पडली तेव्हा कामगारांच्या खोल्यांची अख्खी ओळ पाडायचा हुकूम निघाला. आधी पत्रे गेले, मग दारं, मग भिंती. आमची खोली तेवढी म्हाताऱ्याच्या तोंडात शेवटचा दात राहावा तशी राहिली. खाणीने डोंगराची जी घळ खाल्ली होती ती पूर्वी होती तशी करून द्या, असं कंपनीला वरून सांगण्यात आलं होतं. आणि पूर्वी ती कशी होती हे आठवणारा माणूस एकच शिल्लक होता.

"सुरुंगवाले, तुम्हाला घळ पाठ आहे," साहेब म्हणाले.

"भोकं पाठ आहेत, साहेब. कुठे किती खोल पाडली ती."

"तेच हो. आता त्या भोकांत झाडं लावायची."

घळीत झाडं लागली तर बाबा तिचे कायमचे राखणदार आणि खोली आमची. नाही लागली तर पाडणाऱ्यांचा मुकादम घण घेऊन शेजारच्या ढिगाऱ्यावर बसलेलाच होता. तो रोज आमच्या भिंतीकडे असा बघायचा, जशी मांजर दुधाच्या पातेल्याकडे बघते.

बाबांना दुसरं काम कुणी दिलं नसतं. खाणीने निरोपाची भेट म्हणून त्यांच्या छातीत दगडाची धूळ भरून दिली होती. चार पावलं चालले की आतून शिट्टी वाजायची. ट्रक चालवणारा आमचा दादा म्हणायचा, "बाबा येण्याआधी त्यांचा हॉर्न येतो." ट्रक खाणीचाच होता, त्यामुळे खाण गेल्यावर तोही घरी बसून हॉर्नच ऐकत होता. माझं विचाराल तर मी काहीच करत नव्हतो आणि त्यात चांगला मुरलो होतो. बाबा मला टिवल्या म्हणायचे.

घळीतलं मुख्य झाड म्हणजे काळदेठी. झाड कसलं, नेचा तो. ओल्या कातळाच्या कपारीत उगवतो, पान पोपटी, देठ केसासारखा बारीक आणि काळाभोर. ते शिकवायला झाडांच्या बाई आल्या. स्कूटरवरून उतरल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता, म्हणून आईला त्या लगेच आवडल्या.

"ह्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही," बाई म्हणाल्या.

"मग वाढतो कशावर? उसनवारीवर?" आईने विचारलं.

"पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके असतात. ते पिकले की त्यातून पूड पडते. बीजाणू म्हणतात त्याला."

"म्हणजे धूळच," बाबा म्हणाले.

"धूळच म्हणा."

बाबा हसले आणि हसण्याचा खोकला झाला. तो संपेपर्यंत बाई पाण्याचा तांब्या धरून उभ्या राहिल्या. मग बाबा डोळे पुसत म्हणाले, "आयुष्यभर गिळली. आता पेरतो."

बाईंनी पद्धत सांगितली. विटा उकळून घ्यायच्या, परातीत पाणी घालून त्यात उभ्या करायच्या, ओल वर चढली की त्यावर पूड भुरभुरायची, वरून काच झाकायची. वीट एकदाही सुकता कामा नये. आधी हिरवी साय धरेल, मग तिच्यातून नखाएवढी बदामी पानं येतील. ती पानं ओली असली की त्यांच्यात... इथे बाई थोड्या अडखळल्या. "त्यांचं जमतं. मग खरं रोप येतं."

"बघा," दादा म्हणाला. "त्यांचंसुद्धा जमतं." दादाच्या लग्नाची बोलणी खोली राहणार की जाणार ह्यावर अडून बसली होती.

"पहिलं वर्षभर देठ हिरवाच राहील," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या पावसाळ्यात काळा पडतो. काळा पडला की रोप लागलं म्हणायचं." निघताना त्यांनी पडवीत टांगलेल्या आईच्या कुंडीकडे पाहिलं. तीही नेच्याचीच होती, शिडीसारख्या लांब पानांची. "हा कुठला?"

"साहेबांच्या घरचा. वाळला म्हणून उकिरड्यावर टाकला होता. मी आणून तांदळाच्या धुवणावर जगवला."

"दुकानातला आहे. हा इथून लांब ठेवा. बाहेरचं एकसुद्धा रोप घळीत जाता कामा नये. ते पसरतं, मग आपल्याला जागा राहत नाही."

आईने कुंडी मागे न्हाणीपाशी नेऊन टांगली. आईच्या हातून काही मरत नाही असा तिचा लौकिक होता. लंगडी कोंबडी, विझत आलेली चूल, बाबा, सगळं तिने धरून ठेवलेलं.

काळदेठी आता एकाच जागी उरली होती. घळीच्या माथ्याजवळ, पुढे आलेल्या कातळाखाली. तिथे ती उरली ह्याचं श्रेय बाबांच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका फुसक्या बाराला होतं. बाबांनी लावलेला प्रत्येक सुरुंग उडाला, तेवढा एक उडाला नाही. त्याची त्यांना इतकी लाज, की घरात दिवाही भप्पकन विझला तर ते मान खाली घालायचे.

दादाने माझ्या कमरेला दोर बांधला आणि वरच्या खडकाला वेढा देऊन धरून बसला. बाबा खाली उपड्या घमेल्यावर बसून सूचना देत होते.

"डावा पाय त्या भेगेत. अरे डावा! हां. तिथे मी पहार मारली होती."

मी कातळाला पालीसारखा चिकटलो. वरून थेंब थेंब पाणी मानेत पडत होतं. कपारीत काळदेठी हलत होती आणि तिच्या शेजारीच दगडात एक गोल भोक होतं, मातीने बुजलेलं.

"बाबा, हे भोक म्हणजे तोच का?"

"तोच."

"दारू आत आहे अजून?"

"एव्हाना ओली झाली असेल."

"असेल म्हणजे?"

"असेल म्हणजे असेल. पानं तोड, गप्पा नको."

मी पानं तोडली. आयुष्यात इतक्या हलक्या हाताने मी काहीच केलं नव्हतं. खाली उतरलो तर दादा वरून विचारत होता, "दोर सोडू का रे, कंटाळा आला."

पानं वर्तमानपत्रात घातली, वर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी कागद उघडला तर घडीत तपकिरी पूड उतरली होती. तपकीर ओढणाऱ्याने डबी झटकावी तेवढी. बाबांनी ती चिमटीत घेतली तेव्हा श्वास रोखून धरला. शिट्टी बंद झाली. एवढी वर्षं सुरुंगाची दारू भरताना ते असेच थांबायचे म्हणे. एकेक वीट करत त्यांनी पूड भुरभुरली आणि पाडलेल्या खोल्यांच्या खिडक्यांच्या काचा वर ठेवल्या. शेजारपाजाऱ्यांची सगळी काच आमच्या विटांवर आली.

मग वाट बघणं सुरू झालं.

वीट तशीच. बाबा सकाळी काच उचलायचे, नाक लावून बघायचे, परत झाकायचे. परातीत पाणी घालायचे. उरलेला दिवस शेजारी बसायचे. मुकादम जाता येता डोकावायचा.

"काय सुरुंगवाले, विटांना कोंब?"

"येतील."

"आमच्याकडे ढीगभर विटा आहेत. तुम्हाला पेरायला देऊ का?"

त्याची माणसं हसायची. बाबा काच पुसत राहायचे. ज्या माणसाने लाल झेंडी दाखवली की अख्खा डोंगर थांबायचा, त्याच्याभोवती आता कोणीही पायातलं न काढता फिरत होतं.

दिवस गेले. विटा लालच्या लाल. बाबांचं जेवण कमी झालं. त्यांच्या बरगड्या सदऱ्यातून मोजता आल्या असत्या, आम्ही मोजल्या नाहीत. आई ताट घेऊन पडवीत यायची.

"अहो, दोन घास खा. विटा काय पळून जातायत?"

"ठेव तिथे."

"नाही उगवत तर नाही उगवत. दुसरं काहीतरी बघू."

"अगं, बार उडाला नाही म्हणून लगेच जवळ जायचं नसतं. वात लांब असते कधीकधी. थांबायचं. जो थांबत नाही तो मरतो."

"तुम्हीच मराल थांबून थांबून," आई म्हणाली आणि ताट तसंच उचलून आत गेली.

आणि मग एका सकाळी विटांवर हिरवं आलं. आधी वाटलं काचेची झाक आहे. बाबांनी बोट लावलं नाही, नुसतं जवळ नेलं. "टिवल्या, तू बघ. माझे डोळे खोटं बोलत असतील." मी बघितलं. साय धरली होती. बाबा भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी आईला हाक मारली. आईने बघितलं आणि तिच्या तोंडावर जो आनंद आला तो मला तेव्हा फार साधा वाटला.

त्या दिवशी बाबा पोटभर जेवले. मुकादमाला मुद्दाम बोलावून त्यांनी वीट दाखवली.

"ही? हे तर शेवाळं," मुकादम म्हणाला. "आमच्या मोरीत ह्याच्यापेक्षा चांगलं आहे."

पण सायीतून बदामी पानं आली, नखाएवढी. त्यांचं आपसात जमलं. दादा खिन्न झाला. मग एकेका पानाच्या खाचेतून इवलंसं कुरळं रोप वर आलं, गोगलगायीने मान काढावी तसं. जोमाने आलं, दाटीवाटीने आलं. बाबा म्हणायचे, "बघा, एकदा धरलं की काळदेठी ऐकत नाही."

रोपं बोटभर झाली तेव्हा आम्ही ती घळीत न्यायला सुरुवात केली. तो सगळा पावसाळा आम्ही घळीत उभे राहून काढला. माती अशी नव्हतीच, फुटका दगड आणि भुगा. दादा पहारीने खाच करायचा, मी पाटीतून पानांचं कुजलेलं खत ओतायचो, आई चमच्याने रोप बसवायची. फावडं चालत नव्हतं, खुरपं मोठं पडत होतं, शेवटी चहाचा चमचाच बरोबर निघाला. ओल्या दगडावर उकिडवं बसून आईच्या गुडघ्यांना सूज आली. माझ्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या. दादाच्या पाठीवर दोराचा वळ उठला, कारण बाबांना खालच्या घमेल्यापर्यंत तोच दोराने पाठीशी बांधून न्यायचा. बाबा खालून ओरडायचे, "तिथे नको, तिथून पाण्याचा लोट येतो! वर! माझ्या तिसऱ्या भोकाच्या वर!" आणि मग ओरडण्याची किंमत म्हणून खोकत बसायचे.

उन्हाळ्यात कातळातला झिरा आटला. आम्ही डब्यांतून पाणी वर नेलं. माणसाने नेच्याला पाणी पाजायला डोंगर चढायचा आणि उतरल्यावर स्वतःच्या आंघोळीला पाणी नसायचं, असं चाललं होतं. दादा म्हणाला, "पुढच्या जन्मी मला नेचा कर देवा. चार माणसं कामाला लागतात." पण एकही रोप मेलं नाही. आईचा लौकिक घळीतही चालला.

दुसरा पाऊस लागला आणि घळ हिरवीगार झाली. बाबा घमेल्यावर बसून मान वर करून बघायचे. त्यांना एवढ्या लांबून नुसता हिरवा डाग दिसायचा. रोज एकच प्रश्न.

"टिवल्या, काळं पडलं का?"

"पडतंय."

"कुठून? बुडाकडून की शेंड्याकडून?"

"बुडाकडून," मी ठोकून द्यायचो.

"बरोबर. बुडाकडूनच पडतं."

खरं म्हणजे कुठूनच पडत नव्हतं. पानं लांबत चालली होती. दोन्ही बाजूंनी समोरासमोर, एकाखाली एक. मी आणि दादा एका दुपारी त्यांच्यासमोर उभे राहिलो आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"शिडीसारखी दिसतायत," मी म्हणालो.

"मला दिसत नाहीयेत," दादा म्हणाला.

आम्ही घरी आलो तेव्हा आई चुलीपाशी दुधाला विरजण लावत होती. न्हाणीपाशी ती कुंडी टांगलेली होती, शिडीच शिडी. दादाने ती आणली आणि आईच्या पुढ्यात ठेवली. आईने पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पदराला पुसले.

"ह्यांना सांगू नका," ती म्हणाली.

"काय सांगू नको?" दादाने विचारलं.

"विटांवर काही धरेना. हे जेवेनात. मला वाटलं, दही लागत नाही तेव्हा आपण काय करतो? शेजारून विरजण आणतो. शेजारणीचं विरजण लावलं म्हणून दही शेजारणीचं होतं का? दूध आपलं तर दही आपलंच." तिने कुंडी जरा बाजूला सरकवली. "हे झोपले होते दुपारचे. मी काचा उचलल्या आणि ह्याची दोन पानं वर झटकली. नेचा तो नेचा. मला वाटलं, ह्याच्या जोडीने तोपण उठेल."

दादा भिंतीकडे तोंड करून हसायला लागला. ते हसू चांगलं नव्हतं. "दीड वर्षं," तो म्हणाला. "दीड वर्षं मी बापाला पाठीवर घेऊन दुकानातला नेचा लावत होतो."

"बाई ओळखतील," मी म्हणालो.

पण बाई येणार नव्हत्या. त्यांची बदली झाली होती, आणि घळ बघायला साहेब स्वतः येणार होते. त्यांना काळदेठीची एकच खूण ठाऊक होती, जी नावातच होती.

दादा तालुक्याला जाऊन बुटाच्या पॉलिशच्या डब्या घेऊन आला. पिशवीत जुने टूथब्रशही होते.

"नाही," मी म्हणालो.

"मग मुकादमाला हो म्हणू?"

साहेब यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पहाटे उजाडताच घळीत गेलो आणि नेच्यांना पॉलिश करायला बसलो. डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरायचा, उजव्या हाताने खालून वर ब्रश फिरवायचा, पानाला लागू द्यायचं नाही. शाळेत बुटाला पॉलिश नाही म्हणून मी कितीदा बाकावर उभा राहिलो होतो. ते गुरुजी आता दिसते तर त्यांना घळ दाखवली असती.

"दादा, पाऊस आला तर?"

"पॉलिशवरून पाणी ओघळतं. बूट भिजतो का?"

"बुटाला मुळं नसतात."

"तू देठ धर."

खालचे दर्शनी तेवढे केले. आई आली, तिने बघितलं, एक ब्रश उचलला आणि पलीकडच्या कपारीला लागली. आमच्यापेक्षा तिचा हात साफ होता.

साहेब आले. छत्री धरायला माणूस होता, मुकादमही मागून रेंगाळत आला. दादाने बाबांना पाठीवर घेतलं. बाबा म्हणाले, "आज रोपांपर्यंत ने. हातात घेऊन बघायचंय." साहेबांसमोर दादा नाही कसं म्हणणार?

बाबांना खडकावर टेकवून बसवलं. समोर ओळीने काळे कुळकुळीत देठ, शाळेच्या कवायतीत बूट उभे राहावेत तसे चकाकत होते.

"वा!" साहेब म्हणाले. "हेच ते? काळं... काय ते?"

"काळदेठी," बाबा म्हणाले. त्यांनी हात लांब केला आणि पहिलाच देठ दोन बोटांत धरून हळूच वर सरकवला. बोटं काळी झाली. त्यांनी बोटांकडे बघितलं, मग देठाकडे. बोटांनी पुसलं तिथे तो हिरवा झाला होता. त्यांनी बोटं नाकाजवळ नेली.

मुकादमाला सगळ्यात आधी कळलं. "अरे, ह्यांच्या झाडांचा रंग जातो की!" साहेबांनी वाकून स्वतः एक देठ धरला, काळा झालेला अंगठा बघितला, आणि छत्रीवाल्याचा रुमाल मागून घेतला. मग तेही हसायला लागले. छत्री हलायला लागली. बाबा हात पुढे धरून तसेच बसले होते, भिक्षेला धरावा तसा. मी कातळात ते फुसक्या बाराचं भोक शोधत होतो. आत्ता उडाला असता तर बरं झालं असतं.

"असू द्या, सुरुंगवाले," साहेब डोळे टिपत म्हणाले. "वर पाठवायच्या फोटोत काय कळतंय? उलट चकाकतायत छान. हिरवं मागितलं होतं, हिरवं दिलंत. उद्यापासून तुम्ही राखणदार. खोली तुमची." आणि मुकादमाकडे वळून, "ती भिंत राहू दे रे."

इतकं सोपं होतं ते. साहेब उतरून गेले, मुकादम घण खांद्यावर टाकून गेला. दादाच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी रंग आला.

घरी आल्यावर बाबांनी साबण मागितला. बराच वेळ हात धुतले. मग विचारलं, "पॉलिश पोरांचं. झाडं कुणाची?"

आई त्यांच्यासमोर बसली आणि तिने विरजणाचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी वाट बघत होतो की आता ते ओरडतील. खाणीत त्यांचा आवाज डोंगराच्या पलीकडे ऐकू जायचा.

"तू थांबली नाहीस," बाबा एवढंच म्हणाले.

"तुम्ही मरत होतात."

"हो," ते म्हणाले. "तेही खरं."

सकाळी उठलो तर बाबांचं अंथरूण रिकामं. पडवीत नव्हते, न्हाणीत नव्हते. दादा घळीकडे पळाला, मी त्याच्यामागे. ते घमेल्याच्या बरेच वर पोचले होते. कसे पोचले कोण जाणे, पोटावर सरपटत गेले असावेत, सदरा पुढून फाटला होता. शिट्टी खालपर्यंत ऐकू येत होती. एका हाताने खडक धरून ते दुसऱ्या हाताने नेचे उपटत होते.

"बाबा!" दादा ओरडला. "खोली मिळालीय आपल्याला! मिळालीय!"

बाबांनी एक उपटला, मुळं झटकली, मागे टाकला. दुसरा धरला.

दादाने त्यांचं मनगट पकडलं. "माझं लग्न आहे ह्याच्यावर. आईचं म्हातारपण आहे. तुम्हाला धड श्वास घेता येत नाही, तुम्ही कुठे जाणार?"

बाबांना बोलायला वेळ लागला. "बाई म्हणाल्या होत्या... हा पसरतो. खाली ओढ्यापर्यंत जाईल." श्वास. "एकदा उडवलीय मी ही घळ. तेव्हा हुकूम होता." श्वास. "आता कुणाचा आहे?"

दादाने मनगट सोडलं नाही. पण बाबा दुसऱ्या हाताने उपटायला लागले, आणि दोन्ही मनगटं धरली तर ते खाली पडले असते. शेवटी दादा बाजूला जाऊन बसला. आई आली. तिने पदर खोचला, बाबांच्या खालच्या कपारीत बसली आणि उपटायला लागली. लावताना चमचा लागला होता, उपटायला नुसती बोटं पुरली. मीही बसलो.

बाबांनीच आधी बघितलं. एका शिडीच्या बुडाशी, तिच्या सावलीत दबलेलं, करंगळीएवढं काहीतरी होतं. पोपटी पान. देठ केसासारखा, आणि काळा. बाबांनी अंगठा ओला केला आणि देठावरून फिरवला. अंगठा तसाच राहिला. त्यांनी परत फिरवला.

"बघ," ते आईला म्हणाले. "फुसका नव्हता गं. वात लांब होती."

आई बघत राहिली. मग तिने तोंडात पदर कोंबला.

अशी आणखी थोडी सापडली, इकडेतिकडे, गुदमरलेली. बाकी घळ संध्याकाळपर्यंत आम्ही बोडकी केली. दादाही शेवटी उठला, सगळ्यात जोरात त्यानेच उपटले. ढीग जाळावा लागला, नाहीतर पूड उडाली असती. ओला पाला जळेना, नुसता धूर. बाबा त्या धुरात खोकत बसून राहिले, उठून गेले नाहीत. घरी आल्यावर आईने न्हाणीजवळची कुंडी काढली, नेचा मुळापासून ओढला आणि चुलीत घातला. आईच्या हातून मेलेलं ते पहिलंच.

साहेब परत आले तेव्हा छत्री बंद होती.

"हे काय केलंत? हिरवं होतं ना?"

"हिरवं होतं, साहेब," बाबा म्हणाले. "काळं व्हायला हवं होतं."

सामान फारसं नव्हतंच. दादाने कुणाचा तरी टेम्पो मागून आणला. बाबांना पुढे बसवलं, आईने पातेलं मांडीवर धरलं. मी मागे विटांवर बसलो. विटा कशाला घेतल्या ते कुणी विचारलं नाही. मुकादम भिंतीपाशी उभा होता, आमची वाट बघत. पहिला घाव घालायच्या आधी त्याला काय वाटलं कोण जाणे, सवयीने ओरडला, "सुरुंगवाले, बाजूला!"

बाबांनी खिडकीतून लाल झेंडी दाखवल्यासारखा हात बाहेर काढला. आणि भिंत पडेपर्यंत त्यांनी दादाला टेम्पो चालू करू दिला नाही.